शांत खोलीतला वारा

वारा मोजायचा असेल तर आधी खोली शांत करावी लागते. दारं लावायची, पंखा बंद, एसी बंद, आणि आत जो कोणी असेल त्याला सांगायचं, बाबा रे, दहा मिनिटं एका जागी उभा राहा, हलू नकोस. हे मी दुसऱ्याला सांगायचं म्हणजे विनोदच. मला स्वतःला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. घरात माझं नाव भिंगरी. मी चार वर्षांची असताना दादाने ठेवलं आणि चाळिशी उलटली तरी तेच चालू आहे.

माझं काम सेफ्टी कॅबिनेट तपासायचं. ज्यांनी प्रयोगशाळा आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, ते एक मोठं काचेचं कपाट असतं. समोरची काच खाली ओढलेली, तिच्याखाली वीतभर फट, आणि त्या फटीतून दोन्ही हात आत घालून काम करायचं. फटीच्या कडेला जाळी असते. खोलीतली हवा त्या जाळीत ओढली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते, आतली घाण फिल्टरमध्ये अडकते. म्हणजे नमुन्यातला जंतू समोर बसलेल्या माणसाच्या नाकातही जात नाही आणि बाहेर रस्त्यावरही जात नाही. सगळी मदार त्या वीतभर हवेवर, आणि हवा तर दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा मी जाते, वाऱ्याचे आकडे घेते, फिल्टर कुठे गळत नाही ना बघते, धुराची कांडी पेटवून हवा कुठे वळते ते बघते, आणि सगळं ठीक असेल तर काचेच्या कोपऱ्यात हिरवं स्टिकर लावते. त्यावर तारीख आणि माझी सही. दादा माझी ओळख लोकांना करून देतो ती अशी, "ही आमची कपाटांची डॉक्टरीण."

त्या दिवशी तपासायचं होतं ते वहिनीचं कपाट.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्या कपाटासमोर अकरा वर्षं बसली. क्षयाच्या तपासणीला आलेले थुंकीचे नमुने उघडायचे, त्यांत द्रव मिसळायचा, नळ्यांमध्ये भरायचे, हे तिचं रोजचं काम. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दरवर्षीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात डाग निघाला. औषधं लगेच सुरू झाली. आता तिच्यापासून कोणाला लागण होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ती बरी होतेय, हेही खरं. पण चार वर्षांच्या तिच्या लेकीला, आमच्या खारूताईला, खबरदारी म्हणून रोज सकाळी गोळी घ्यावी लागते. गोळी कडू असते. "आत्या, मी तर आजारी नाही, मग मला का?" असं ती विचारते, आणि मी तिला काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

प्रयोगशाळेने चौकशी लावली होती. चौकशीत प्रश्न एकच, कपाट बिघडलं होतं की बाईचे हात चुकले? कपाट ठीक निघालं तर दोष हातांचा. एकदा तसं कागदावर आलं की वहिनीला पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकू देणार नव्हते. अकरा वर्षं केलेल्या कामावर एका शब्दाने बोळा फिरणार होता, आणि तो शब्द होता हलगर्जीपणा.

त्याहून वाईट म्हणजे वहिनीला स्वतःलाच ते पटू लागलं होतं. रोज दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. समोर चार रिकाम्या वाट्या मांडायची. दोन्ही हात सरळ पुढे घ्यायची, थांबायची, ओठांतल्या ओठांत मोजायची, मग एक वाटी उचलून दुसरीत ओतल्यासारखं करायची, आणि हात सावकाश मागे. "इथे असेल का गं? हात बाहेर काढताना घाई झाली असेल?" मला विचारायची. अकरा वर्षांतली चुकलेली एक हालचाल ती त्या वाट्यांमध्ये शोधत होती. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. "बास कर की!" मी ओरडायचे आणि उठून स्वयंपाकघरात येरझारा घालायचे. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आता विचाराल, नणंदेनेच कशी तपासणी केली? आमच्या भागात हे काम करणारी माणसं दोन. दुसरा जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांना आमचं नातं ठाऊक होतं. "असू दे," त्या फोनवर म्हणाल्या. "आकडे आकडेच असतात. दुपारी दोनला चौकशीचे लोक येतायत, तोवर मला सर्टिफिकेट हवं." मी हो म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून धावा करत गेले की कपाट बिघडलेलं निघू दे. पंखा दमलेला असू दे, फिल्टर फाटलेला असू दे. मी तपासल्यानंतर कधीतरी बिघडलं, असं म्हणता आलं असतं. वहिनी सुटली असती आणि माझ्याकडेही कोणी बोट दाखवलं नसतं.

खोलीत एक नवी मुलगी होती. वहिनीच्या जागेवर आलेली, तेवीस-चोवीस वर्षांची, किडकिडीत, अंगापेक्षा मोठा गाऊन घातलेली. वहिनीच्या खुर्चीवर तिने स्वतःची फुलाफुलांची उशी आणून ठेवली होती. ती उशी बघूनच मला राग आला. बिचारीने काय केलं होतं? काही नाही. पण मला ती तिथे नको होती.

"ताई, मी मदत करू?" तिने विचारलं.

"खुर्ची बाजूला घे. एसी बंद कर, दार लाव, आणि त्या कोपऱ्यात उभी राहा. हलायचं नाही."

ती जाऊन उभी राहिली. तिचं तोंड मात्र शांत राहीना. ती या कामाला लागून दोन महिने झालेत, घरचे सारखे घाबरतात, ती त्यांना सांगते की अहो एवढं मोठं मशीन आहे, त्यावर हिरवं स्टिकर आहे, दरवर्षी तपासतात. मी फक्त हं हं करत होते. वाऱ्याचं यंत्र फटीशी धरलं. पहिला आकडा ठीक. दुसरा ठीक. डावीकडून उजवीकडे, पुन्हा मागच्या रांगेत, एकेक आकडा नियमात बसत होता. फिल्टरवर नळी फिरवली, गळती शून्य. शेवटी धुराची कांडी पेटवली. पांढरा धूर जाळीत सरळ, शहाण्यासारखा जात होता.

कपाट ठणठणीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मुलीकडे पाठ करून वहीत आकडे उतरवू लागले. म्हणजे हातच चुकले. म्हणजे वहिनी आता आयुष्यभर त्या वाट्या मांडत बसणार.

"झालं ना ताई? एसी लावते, या गाऊनमध्ये उकडून जीव जातो," मागून मुलगी म्हणाली. रिमोटचा आवाज आला.

कांडी अजून पुरती विझली नव्हती. मी ती कपाटाच्या आत, डाव्या कोपऱ्यात ठेवून दिली होती. एसीची झडप उघडली, वारा सुटला आणि जाळीकडे चाललेला धूर मध्येच अडखळला. कोपऱ्यात गरकन फिरला. मग काचेखालून बाहेर आला, सावकाश वर चढला, आणि बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल बरोबर तिथे पसरला.

मी मुलीकडे वळले.

"बंद कर," मी म्हटलं. तिने एसी बंद केला. धूर परत जाळीत. "लाव." धूर बाहेर. "बंद कर. आता लाव." तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

"ताई, असा बाहेर यायला नको ना?"

"नको."

"मग?"

"मग काही नाही. तू जरा बाहेर जाऊन थांब."

ती गेली. मी तिथेच जमिनीवर बसले.

तो एसी गेल्या उन्हाळ्यात बसवला होता. त्यानंतर आठवडाभराने माझी तपासणी होती. आणि तेव्हा वहिनीने मला सांगितलं होतं. चक्क सांगितलं होतं. मी पेटी आवरत होते आणि ती म्हणाली, "भिंगरे, हा नवीन एसी बघ ना जरा. बसलं की डाव्या कानाला वारा लागतो. कपाटाला चालतं का असं?" मी काय म्हणाले? "कपाट पास आहे, वहिनी. तुझ्या कानाला वारा लागत असेल तर टोपी घाल." तीही हसली होती. मला दुसरीकडे जायची घाई होती. मला नेहमीच दुसरीकडे जायची घाई असते.

यात नियम काय आहे तेही सांगते, म्हणजे मला सुटायला जागा राहणार नाही. आकडे घेताना खोली शांत ठेवली तर चालते. धुराची तपासणी मात्र खोली रोज जशी असते तशी ठेवून करायची. एसी चालू, पंखा चालू, माणसं ये-जा करतायत, असं. मला ते शिकवलेलं होतं. पण खोली एकदा शांत केली की ती तशीच ठेवून धूरही उरकून घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. धूर सुंदर दिसतो, वेळ वाचतो, आणि समोरचा माणूस खूश होतो. आम्ही सगळे तसंच करतो. सगळे करतात म्हणून मीही करत होते.

कोपऱ्यात लादी पुसायचा दांडा उभा होता. मी उठले, तो घेतला, खुर्चीवर चढले आणि एसीच्या पात्या वरच्या बाजूला ढकलल्या. वारा छताकडे वळला. खाली उतरून कांडी पुन्हा धरली. एसी चालू असतानाही धूर सरळ जाळीत जात होता. कपाट पास झालं, आता अगदी खरंखुरं पास. जी चूक वर्षभर वहिनीच्या तोंडाशी फिरत होती, ती दुरुस्त करायला दहा सेकंद लागले. आणि ती होती हे आता कोणाला कळायचं कारण नव्हतं.

दोन वाजायला सव्वा तास होता. तो सव्वा तास मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. तीनदा हात धुतले. जिना उतरून गाडीपर्यंत गेले, डिकी उघडली, काही न घेता लावली, परत वर आले. मशीनमधून चहा घेतला, तो खिडकीत ठेवला आणि विसरले, म्हणून दुसरा घेतला. व्हरांड्याच्या टोकाला ती मुलगी बाकावर बसली होती. माझ्याकडे बघून ती अर्धवट उठली. मी हातानेच बस म्हटलं आणि पुढे गेले.

शेवटी मी आमच्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"आत्ता पास आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ता आहे."

"मग आत्ताचं लिहा. गेल्या वर्षाचं तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"साहेब, माझी वहिनी..."

"वहिनी बऱ्या होतायत ना? मग झालं तर. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका. माझ्याही." फोन बंद.

मी आकडे भरले, सही केली, कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. हो, ठेवला. मी काही मोठी सत्यवादी नाही. मी मनाशी ठरवलं होतं की वहिनीचं काहीतरी दुसऱ्या मार्गाने बघू. कुठला मार्ग, ते ठरवलं नव्हतं.

बरोबर दोनला बैठक सुरू झाली. मोठ्या मॅडम, आणि बाहेरून आलेले चौकशीचे दोन गृहस्थ, एक जाडा आणि एक चष्मेवाला. मॅडमनी माझा कागद वाचला. एकेक आकडा मोठ्याने वाचला. "सगळं नियमात. गेल्या वर्षीही नियमात होतं." त्यांना त्यात आनंद नव्हता, हे मी मान्य करते. वहिनी त्यांची आवडती होती. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे प्रश्न हाताळणीचाच राहतो."

"हाताळणीत हलगर्जी," चष्मेवाल्याने म्हटलं आणि लिहायला घेतलं. त्याचं अक्षर फार वळणदार होतं. तो शांतपणे, एकेक काना देत लिहीत होता, आणि त्या सावकाशपणाचाच मला संताप आला.

"थांबा," मी म्हणाले. "ते कपाट पास नाही. म्हणजे आत्ता आहे, तासाभरापूर्वी नव्हतं. गेल्या वर्षीही नव्हतं. मी खोटं पास केलं. मुद्दाम नाही केलं, पण केलं."

मी भडाभडा सगळं सांगितलं, एसी, कोपरा, दांडा, टोपीसुद्धा.

जाडे गृहस्थ मॅडमकडे वळले. "या पेशंटच्या कोण लागतात म्हणालात?"

"नणंद."

"हं," ते म्हणाले, आणि त्या एका हुंकारात माझा निकाल लागला.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी समजू शकते. पण आत्ता तुम्हीच सही केलीत. घरच्या माणसासाठी असं..."

"ती सही मी घरच्या माणसासाठी नाही केली, मॅडम! स्वतःला वाचवायला केली! चला खोलीत. धूर बघायला नातं लागत नाही."

माझा आवाज चढला होता. बहुधा त्यामुळेच ते उठले.

खोलीत मी पुन्हा खुर्चीवर चढले आणि पात्या जशा होत्या तशा खाली आणल्या. एसी लावला. कांडी पेटवली. चष्मेवाले दूर उभे होते. "बसणाऱ्याचं तोंड नक्की कुठे येतं, ते कसं कळणार?" त्यांनी विचारलं. मॅडमनी दारातून मुलीला हाक मारली. "ये गं, जरा रोजच्यासारखी बस."

मुलगी आली. उशी नीट केली, बसली, दोन्ही हात फटीतून आत घातले.

"हलू नकोस," मी म्हणाले.

धूर कोपऱ्यात फिरला, काचेखालून बाहेर आला, तिच्या डाव्या गालाला लागला आणि तिच्या नाकापाशी पसरला. तिने डोळे मिटले. हलली नाही. एकदा खोकली, ते धुरानेच. जाडे गृहस्थ वाकून बघत होते. "एसी बंद करा बरं," ते म्हणाले. धूर आत गेला. "लावा." बाहेर. "पुन्हा." मला तर उघड उघड समाधान वाटत होतं. बघा, बघा डोळे उघडून. हे हात नव्हते.

चष्मेवाल्यांनी वहीतलं ते वळणदार वाक्य खोडलं. मी माझं हिरवं स्टिकर नखांनी खरवडून काढलं आणि काचेवर आडवी लाल पट्टी चिकटवली, वापरू नये. मग सगळेच एकदम बोलू लागले. आलेले नमुने कुठे पाठवायचे, एसी कोणाच्या परवानगीने बसवला, माझ्या साहेबांना पत्र कोण लिहिणार. गेल्या वर्षभरात मी लावलेल्या सगळ्या स्टिकरांची यादी मागितली. त्रेसष्ट कपाटं. प्रत्येक खोलीत पुन्हा जावं लागणार होतं, आणि ते काम मला देतील की दुसऱ्याला, तेही ठरायचं होतं. साहेबांचे नऊ मिस्ड कॉल येऊन गेले होते. दहावा आला तेव्हा मी फोन पिशवीत खोल खुपसला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

बाहेर ऊन उतरलं होतं. सिग्नलला मी दोनदा चुकीच्या रांगेत घुसले आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. कधी एकदा वहिनीला सांगते असं झालं होतं, आणि सांगायची भीतीही तेवढीच वाटत होती. नोकरी गेली तर गेली. पण ती माझ्याकडे कशी बघेल?

दादा खारूताईला घेऊन बाहेर गेला होता. वहिनी टेबलाशी होती. वाट्या मांडलेल्या, हात पुढे.

"उचल त्या," मी म्हणाले. "तुझे हात चुकले नव्हते. मी चुकले."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर मला सांगता आलं नसतं. ती ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही.

"टोपी घाल म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मी घातली होती. आठवडाभर. मग सगळे हसायला लागले म्हणून सोडली."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. "वहिनी, मला मार. शिव्या दे. काहीतरी कर."

तिने केलं. एक वाटी उचलली आणि भिंतीवर फेकली. मग दुसरी. स्टीलच्या होत्या, फुटायच्या नव्हत्या, नुसत्या ठणठणत लोळल्या. "दोन महिने!" ती ओरडली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "दोन महिने माझ्या लेकीच्या तोंडात गोळी घालताना मी स्वतःला म्हणतेय, बघ, हे तू केलंस! आणि तू समोर बसून बास कर म्हणायचीस!" उरलेल्या दोन वाट्याही गेल्या. ती धापा टाकत उभी राहिली, मग खोकला आला, मग ती रडली. मी जवळ गेले तर तिने मला ढकललं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नाही ढकललं.

बराच वेळ तशाच उभ्या होतो. मला पहिल्यांदाच कुठे जायची घाई नव्हती. मला वाटलं, झालं. जे व्हायचं ते होऊन गेलं. आता ती कधीतरी मला माफ करेल किंवा करणार नाही, पण निदान हात सुटले तिचे.

तिने पदराने नाक पुसलं. मग एकदम मान वर केली.

"आणि ती?"

"कोण ती?"

"माझ्या जागेवर बसते ती. दोन महिने बसतेय ना तिथे? एसी तोच, पात्या त्याच." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तिला काय सांगितलंत?"

काय सांगितलं होतं? खुर्ची बाजूला घे. कोपऱ्यात उभी राहा. बाहेर थांब. हलू नकोस. दिवसभरात मी तिला एवढंच सांगितलं होतं. तिच्या गालाला लागलेला धूर आम्ही चौघांनी वाकवाकून पाहिला होता. धूर पाहिला होता.

पिशवीच्या तळातून फोन काढला. साहेबांचे आणखी चार कॉल. मुलीचा नंबर सकाळच्या कागदावर होता, संपर्कासाठी व्यक्ती म्हणून. एक रिंगही पुरती झाली नाही.

"ताई?" ती म्हणाली. मागे लिफ्टच्या दाराचा आवाज आला.

"कुठे आहेस तू?"

"इथेच. बाकावर." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे गेले. मला वाटलं, जाण्याआधी कोणीतरी मला विचारेल. म्हणून थांबले."

वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला, दुसऱ्या हाताने खुंटीवरची पिशवी ओढली आणि चपलेत पाय घालता घालता म्हणाली, "थांब बाळा तिथेच. आधी एक्स-रे काढू. मी येतेय."